कावळा शिवला

आई, तुला लिहायचं तर कुठून धरायचं तेच कळत नाही. आपल्या दोघींमधलं बोलणं म्हणजे ऊठ, बस, मागं जा, एवढंच. तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली की मळ्यातलं कवठाचं झाड तोडून दादानं तिथं पाण्याची टाकी बांधली, आणि त्या टाकीलाही चिरा गेल्या. आज लिहायला बसले त्याला कारण एक कावळा. जुन्नरात मी भाड्यानं राहते त्या घराच्या मागं हातभर परस आहे. शिवणाचं मशीन मी मागच्या दारात मांडलंय, तिथं उजेड चांगला येतो. चैत्र सरत आलाय, ऊन आत्ताच भिंतीला चटका देतंय, आणि शेजारणीच्या करंजावर कावळ्यांनी काटक्या, तारा, कुणाच्या तरी झाडूच्या काड्या असं काय काय आणून घरटं केलंय. सकाळी ब्लाउजला हुक लावत होते तर नर दोरीवर येऊन बसला आणि मान तिरकी करून बघायला लागला. शेजारीण म्हणाली, ताई, आत बसा, डोक्याला शिवंल. मला हसू आलं. तिला वाटलं मी तिला हसले, ती जराशी रागावून आत गेली.

शिवणं हा शब्द बघ कसा आहे. शिवणं म्हणजे कापड शिवणं, आणि शिवणं म्हणजे हात लावणं. तू मला सहावीनंतर शिवली नाहीस. मी मात्र जन्मभर शिवतेच आहे, त्यावरच पोट चाललंय. आणि तिसरं शिवणं कावळ्याचं. बाई चार दिवस बाजूला बसली की पोरांना सांगायचं, तिला कावळा शिवलाय. लहानपणी मी तुझ्या भोवती काठी घेऊन फिरायचे, कावळा आला की हाकलायचे. तो तुला शिवला नाही तर तू आत येशील, भाकरी करशील, मला जवळ घेशील, असा माझा हिशोब. तू हे सगळ्या बायकांना हसून सांगायचीस. तेव्हा तुला माझं हसू यायचं, एवढं तरी होतं.

ओठाच्या कडेला पहिला पांढरा ठिपका उठला तेव्हा मी सहावीत होते. तू आधी तो पदरानं पुसलास. मग थुंकी लावून पुसलास. मग मला दारात उजेडाला उभं करून हनुवटी धरून बघितलंस, आणि हनुवटी सोडलीस ती कायमची. कोड हा शब्द तू घरात काढू दिला नाहीस, डाग म्हणायचं. वडील जाऊन तेव्हा वर्षही सरलं नव्हतं. मळ्यात एकटं घर, द्राक्षाचा बाग, लग्नाचा होत आलेला मुलगा आणि अंगावर पांढरं उठलेली मुलगी. एकीच्या डागापायी घराला कुणी पोरगी देणार नाही, हे तू मला रोज ऐकवायचीस, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.

मग पाहुणे आले की मी मागं. कुणी विचारलंच, पोरगी कुठंय, तर तू आवाज बारीक करून म्हणायचीस, तिला कावळा शिवलाय. झालं. त्यापुढं कुणी विचारत नाही, बाप्ये तर पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागतात. नारायणगावचा द्राक्षाचा व्यापारी आला, कावळा शिवला. तलाठी आला, कावळा शिवला. मला खरोखरचा कावळा शिवायला अजून अवकाश होता, पण तुझा कावळा महिन्यात पाच-सहादा यायचा. एकदा मामीनं तुला बाजूला घेऊन काळजीनं सांगितलं की पोरीला दवाखान्यात दाखवा, हे काही बरं लक्षण नाही. तू शपथेवर सांगितलंस, दाखवते. आत गेल्यावर तू हसलीस. तुझं खोटं बोलणं इतकं गुळगुळीत असायचं की मलाच कधीकधी पोटात दुखल्यासारखं व्हायचं.

आपल्या परसात बघण्यासारखं काय होतं? मोरीच्या पाण्यावर जगलेली घाणेरी, गुरांच्या गोठ्याला टेकलेलं निवडुंग, रुईची दोन झाडं, आणि सगळं वाळून गेलं तरी जमिनीला चिकटून हिरवी राहणारी काटेरी भुईरिंगणी. मी तिथं बसून बसून शहाणी झाले. तांबट दुपारभर टुक टुक करतो आणि दिसत मात्र नाही. शिंजीर घाणेरीच्या फुलात चोच घालताना हवेत थरथरत उभा राहतो. साळुंक्या उन्हानं चोची उघड्या टाकून गोठ्याच्या सावलीत येतात आणि माणसासारख्या एकमेकींवर खेकसतात. शिंपी उंबराच्या रोपाची दोन पानं कापसाच्या धाग्यानं जोडतो, टाका घालतो, आणि त्याच्या टाक्याला गाठ नसते तरी तो उसवत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. तू घरात घेतलं असतंस तर मला चिमणी आणि कावळा यापलीकडं पाखरू माहीत झालं नसतं. म्हणजे तेवढे उपकार आहेत तुझे. पावशा ओरडायला लागला, पेरते व्हा, पेरते व्हा, की तू आतून म्हणायचीस, याच्या बापाचं काय जातंय सांगायला. तुझं ते बोलणं ऐकून मी मागं एकटीच हसायचे, तुला कळू न देता.

आणि खोटं कशाला बोलू, सगळंच काही गोड बघितलं नाही मी. बुलबुलाचं घरटं निवडुंगात होतं. एक दिवस शिक्रा आला आणि त्यानं पिल्लू उचललं. मी दोन हातांवर बसले होते, टाळी वाजवली असती तरी तो उडाला असता. मी वाजवली नाही. बुलबुल आई-बाप ओरडत राहिले आणि मला आतून कुठंतरी थंड वाटलं. तुझ्या घरात राहून माणूस असंच होतं.

दादाचं लग्न ठरलं ते वैशाखातलं. मुलगी निरगुडसरकडची, बरं घर, पाच भाऊ. तुला त्या सोयरिकीचं इतकं होतं की तू सुपारी फुटल्यापासून चप्पल घालायची विसरायचीस. मला एकच हवं होतं. करवली व्हायचं होतं. सख्खी बहीण मी एकटीच, नवरदेवाच्या मागं करा धरून मी उभी राहणार, सगळ्या मांडवात माझ्याकडं लोक बघणार. हिरवं परकर-पोलकं तू मामीकडून शिवूनही घेतलं होतंस, लोकांना दाखवायला. मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, डाग गेलं तर. एवढ्या तीन शब्दांवर मी काय काय सोसलं ते तुला माहीत आहे, कारण करणारी तूच होतीस.

बाजारात बसणाऱ्या एका वैदूनं तुला बावची सांगितली होती. काळ्या रानात, बांधाला, कुणी न लावता उगवणारं झाड. त्याच्या काळ्या बिया तू गोमूत्रात वाटायचीस आणि काडीनं, बोटानं नव्हे, काडीनं, माझ्या ओठाला, मानेला, कोपरांना लावायचीस आणि उन्हात बसवायचीस. बारा वाजताचं ऊन. थोड्या वेळानं तिथं आधी खाजायचं, मग पोळायचं, मग फोड उठायचे पाण्यानं भरलेले. एकदा मी सावलीत सरकले तर तू वासराचं दावं आणून, बोट लागू न देता, माझा पाय खुंट्याला बांधलास आणि स्वयंपाक करायला गेलीस. त्या दिवशी मी कोतवालाला घारीच्या मागं लागलेलं बघितलं. मुठीएवढं पाखरू, पण घारीला पार ओढ्यापलीकडं पिटाळून आलं आणि खांबावर बसून शेपटी नीट करायला लागलं. मी त्याच्याकडं बघत राहिले म्हणून त्या दिवशी ओरडले नाही. फोड फुटले, खाली कातडी लाल निघाली, तू म्हणालीस, रंग धरतोय. आठवड्यानं ती जागा पहिल्यापेक्षा पांढरी झाली.

त्याच उन्हाळ्यात कवठावर कावळ्यांनी घरटं केलं. मी ज्या खुंट्यापाशी बसायचे त्याच्या बरोबर वर. पिल्लं मोठी झाली, मान वर काढायला लागली, तेव्हा दिसलं की एकाच्या पंखात पांढरी पिसं आहेत. कावळ्याच्या पोटी पांढरं. मी रोज बघायचे की ही कावळी आता त्याला ढकलते, मग ढकलते. ती चारा आणायची आणि ज्याची चोच पुढं असेल त्याच्यात घालायची, काळा बघायची नाही की पांढरा. मला त्या कावळीचा फार राग यायचा. तिनं त्याला टाकावं अशी मी वाट बघत होते. म्हणजे मग जगाची रीतच अशी आहे म्हणून मला गप बसता आलं असतं.

लग्नाला महिना राहिला असेल. मी अंगाला बावची लावून बसले होते आणि ती कावळी वरून आली. तिला वाटलं असेल मी पिल्लांवर टपलेय. टाळक्यात चोच बसली, पंखाचा फटका कानावर बसला, केसातून रक्ताचा ओघळ कपाळावर आला. तू दारातच होतीस. तू सगळं बघितलंस आणि तुझा हात तोंडावर गेला. खऱ्या कावळ्यानं डोक्याला शिवलं की ते माणूस जगत नाही, असं आपल्याकडं म्हणतात. त्याला तोडगाही आहे. त्या माणसाच्या आजोळी खोटा निरोप धाडायचा की ते मेलं. आजोळच्यांनी ऐकून रडायचं, म्हणजे मरण तिथं फिटलं. मग लगेच दुसरा निरोप, की खोटं हाय, कावळा शिवलावता. तू दादाला नारायणगावला पिटाळलंस, बूथवरून फोन करायला. एक क्षण मला वाटलं, आपल्या आईला आपण मरायला नको आहोत. तो क्षण मी पुष्कळ दिवस पुरवला.

मामाच्या गावात फोन एकच, किराणा दुकानात. आणि दुकानात मिरच्या घ्यायला, पोह्यांना, काडेपेटीला शेजारच्या दोन-तीन वस्त्यांतली माणसं. त्यातलं एक माणूस तुझ्या होणाऱ्या सुनेच्या घरचं. दुपार कलायच्या आत मामी जीपनं आली, ऊर बडवत, मळ्याच्या वाटेवरनंच आरडत. मागं आली तर मी निवडुंगाशी बसलेली, डोक्याला हळद चेपलेली. तिनं मला बावचीसकट, फोडांसकट मिठी मारली. मी आखडून गेले, कारण मिठी कशी मारून घ्यायची असते ते मी विसरले होते. मग ती तुझ्याकडं बघून हसायला लागली, रडता रडता, रीतीचं हसू. आणि सहज बोलून गेली की दुकानात तुमच्या सोयऱ्यांचं माणूस होतं, तेही ऐकून घाबरं होऊन घरी पळालं, आता परतताना त्यांना खरं सांगत जाते.

तू म्हणालीस, "नको सांगू."

मामीला कळलं नाही. तुला मात्र त्या वेळेपर्यंत सगळं कळून चुकलं होतं. तुझा चेहरा मी बघत होते. नवीन काही सुचलं की तू खालचा ओठ दातात धरायचीस, तसा धरला होतास.

"मेली म्हणल्यावर पोरगी दावा कोण म्हनतंय?" तू म्हणालीस. "लगीन होऊ दे. मग सांगू, रीत व्हती म्हणून."

मामीनं तुझा हात धरला. "वन्सं, ही बातमी दिवस मावळायच्या आत मोडायची असती. न्हाईतर खरी व्हती."

"झाली तर झाली," तू म्हणालीस, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेलीस.

मी हे ऐकलं. मी चार हातांवर होते, आणि तू आवाज बारीक केला नव्हतास. पाहुण्यांपुढं कावळ्याचं सांगताना तू आवाज बारीक करायचीस, हे मात्र खणखणीत बोललीस.

दुसऱ्याच दिवशी सोयरे भेटायला आले, मुलीचे आई-बाप आणि चुलता. तू मला गोठ्यात बसवलंस आणि बाहेरून कडी लावलीस. गोठ्याच्या आणि माजघराच्या मध्ये कुडाची भिंत, सगळं ऐकू यायचं. आधी नुसता बायकांचा हुंदका. मग मुलीच्या बापानं विचारलं की लग्न पुढं ढकलायचं का, आमची काही हरकत नाही. तू म्हणालीस, नको, गेलेलं गेलं, जित्याचं अडवू नये, तिलाबी ते आवडलं नसतं. मला हसू यायला लागलं. मला आवडलं नसतं म्हणे. आणि मग, आई, तू रडायला लागलीस.

तसं रडणं मी वडील गेले तेव्हाही ऐकलं नव्हतं. तू म्हणालीस, "माझी पोर लई गुणाची व्हती हो. कदी उलटून बोलली न्हाई. पाखराच्या आवाजावरनं पाखरू सांगायची. होला घुमाय लागला की म्हणायची, ह्योबी एकटाच हाय." मी गोठ्यात उठून उभी राहिले. ते मी तुला कधी सांगितलं नव्हतं. ते मी एकटीच मागं बसून पुटपुटायचे. म्हणजे तू दाराआड उभी राहत होतीस. तू पुढं सांगत होतीस की हसली म्हंजी डाव्या गालाला खळी पडायची, चिमण्यांना करवंटीत पाणी ठेवल्याबिगर तोंडात घास घालायची न्हाई. आणि मग म्हणालीस, "उजव्या कानामागं तीळ हाय तिच्या." थांबलीस. "व्हता. मव्हरीएवढा. माझ्याबिगर कुणाला ठाव न्हाई." मग मुलीची आई तुला धरून बसली असावी, कारण बांगड्या वाजल्या.

ते गेले. तू कडी काढलीस, त्यांच्यासाठी केलेल्या चहातला उरलेला कपभर चहा आणलास आणि उंबऱ्यावर ठेवून दोन पावलं मागं सरलीस, नेहमीसारखी. तुझे डोळे सुजलेले होते. मला धीर आला. मी विचारलं, "आई, मी लई गुणाची हाय का?"

तू म्हणालीस, "मेल्यावर समदीच गुणाची व्हत्यात."

त्या संध्याकाळी तू गड्याला सांगून वेळूनं घरटं पाडलंस. शिवणारा कावळा लग्नघरात नको म्हणून. दोन पिल्लं जागीच गेली, पांढऱ्या पिसांचं तेवढं वाचलं. त्याला उडता येत नव्हतं, ते रुईच्या बुडाशी जाऊन बसलं. मी कावळीची गंमत बघत होते. ती जमिनीवर उतरली. कावळी कधी माणसाच्या इतक्या जवळून जमिनीवर चालत नाही, पण ती चालत आली, रुईखाली गेली, आणि त्याला भरवलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही दिवशी. शेवटी त्याला मांजरानं नेलं. आईनं टाकलं नाही, मांजरानं नेलं. हा फरक मी तेव्हापासून ध्यानात ठेवलाय.

लग्न दारातच झालं, मोठ्या मांडवात. मंगलाष्टकं मी गोठ्यातून कर्ण्यावर ऐकली, आणि माझं हिरवं पोलकं घालून कुणीतरी चुलत बहीण करवली होऊन नवरदेवामागं उभी राहिली, ते मला आचाऱ्याच्या बाईनं सांगितलं. तिला मी गुरं बघणारी वाटले. माझ्या पत्रावळीत तिनं बुंदी जास्त वाढली. दोन दिवसांनी वहिनी शेणी आणायला मागं आली आणि मला बघून तिथंच बसकण मारून किंचाळली. तू शांतपणे येऊन सांगितलंस की कावळा शिवला होता, खोटी बातमी देतात, रीत आहे आमच्यात. वहिनी माझ्या मानेकडं बघत होती, ओठाकडं बघत होती. तिला सगळं समजलं. पण हळद निघाली नव्हती तिची अजून, आणि रीतीपुढं काय बोलायचं? तिचा बाप येऊन मांडवाच्या खांबाशी उभा राहिला आणि न जेवता परत गेला. तू जिंकलीस. तुझ्यासारखी हुशार बाई मी पुन्हा बघितली नाही, आणि बघायची इच्छाही नाही.

मामी मला त्याच आठवड्यात घेऊन गेली. ती म्हणायची, आता हिला तुझ्या दारात ठेवली तर खरंच मरंल. तिनं नारायणगावात शिवणाच्या क्लासला घातलं. शेअर जीपमध्ये सुरुवातीला माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही, मग बसायला लागले, कारण जीपमध्ये जागा नसते आणि माणसाला घरी जायचं असतं. आता अंगभर पसरलंय. तोंड, हात, पाय सगळे एकसारखे पांढरे झाल्यावर लोकांना बघण्यासारखं काही उरलं नाही. त्या डागांतून सुटायचा हाही एक रस्ता होता, तुला तो सुचला नाही.

तू गेलीस तेव्हा मी आले होते. तोंड बघायला नाही, दहाव्याला. नदीच्या घाटावर ही गर्दी. आपल्याकडं दहाव्याला माणसांपेक्षा भाषणं जास्त असतात. एक पुढारी मोबाइलवर बोलत बोलत आला आणि माइक धरून म्हणाला की या माउलीनं पतीच्या माघारी लेकरांना तळहाताच्या फोडाप्रमाणं जपलं. फोड म्हणाला तो. मला बावचीचे फोड आठवले आणि मी पदर तोंडात धरला. बायकांना वाटलं मला रडू आवरेना. मला कुणी मागं थांब म्हटलं नव्हतं, दादानं तर पुढं बोलावलं होतं, पण माझे पाय आपोआप मागं गेले, घाटाच्या भिंतीआड, जिथून पिंड दिसत नाही. सगळे कावळ्याची वाट बघत गप झाले. मला माहीत होतं पुढं काय असतं. कावळा अडून बसला की म्हातारे विचारतात, बाईचा जीव कशात अडकलाय, कुणाचं काय राहिलंय? मग एकेक जण पुढं होऊन शब्द देतो. मी मनात म्हणत होते, अड. जरा वेळ अड. कुणीतरी म्हणेल, लेकीचं राहिलं असेल, तिला पुढं घ्या.

भिंतीपलीकडून आवाज आला, "शिवला, शिवला." पिंड ठेवून गडी पाच पावलं मागं आला नसेल. माणसं म्हणाली, भाग्याची बाई, काही मागं ठेवलं नाही. लगेच चपला शोधायला लागली. माझं काही राहिलेलं नव्हतं, आई. तुझ्या बाजूनं तरी नाही. खोटा कावळा तू माझ्यावर शंभरदा सोडलास, आणि खरा आला तो तुझ्याकडं इतक्या तत्परतेनं आला.

हे पत्र कुठं टाकायचं? टाकणार नाहीच. तुला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवायला तू मला बोलावलं नसतंस. दोरीवरचा कावळा अजून तिथंच आहे, मी भाकरीचा तुकडा टाकलाय तर तो संशयानं बघतोय. तुझ्यावरचा माझा राग काही कमी झालेला नाही, तसं काही समजू नकोस. फक्त एक गोष्ट आहे. कापड कापताना, सुई ओवताना, गिऱ्हाईक नसलं की, माझा हात उजव्या कानामागं जातो. बोटाला काही लागत नाही, तीळ हाताला लागतही नसतो. आरसा धरून बघते तर कानामागचं कधीच दिसत नाही. शेजारणीला सांगितलं तर ती एका मिनिटात बघून सांगेल. एवढी वर्षं झाली, मामी होती तोवर मामीलाही विचारलं नाही. मी अजून कुणालाच बघायला सांगितलेलं नाही.